पाकळीताईचा उलटा रेटा

माझ्या थोरल्या जावेनं एकदा माझ्या दुकानात घुसून, खुर्चीत गिऱ्हाईक बसलेलं असताना, माझ्या हातातला ड्रायर हिसकावून घेतला. माझं केस कापायचं दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. गिऱ्हाईक म्हणजे कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. त्यांचं अर्धं डोकं वाळलेलं, अर्धं निथळतंय.

"थांब, तुला दाखवतेच," ताई म्हणाली. कारखान्यातून थेट आली होती. अंगात निळा डगला, गालावर काळा डाग, डोळे असे चमकत होते की ताप भरलाय की काय असं वाटावं.

"अगं ताई, गिऱ्हाईक आहे."

"असू दे की. त्यांनाही कळेल. हे चपटं तोंड लावलं की वारा कसा येतो?"

"जोरात."

"आणि काढलं की?"

"पसरट."

"बरोबर. आता हे बारीक तोंड तसंच ठेव आणि आतली आग वाढव. हवा तापली, फुगली, पण बाहेर पडायला जागा तेवढीच. मग?"

"मग बंद पडतो. गेल्या आठवड्यात पडला तसा."

"तेच! जेट इंजिनाचं अगदी तेच होतं. आग वाढवली आणि मागची तोटी मोठी केली नाही, तर आतल्या आत कोंडतं. म्हणून आमची तोटी उघडमीट करते. आग वाढली की फुलायचं, कमी झाली की मिटायचं. हे तुला माहीत आहे. आता नवीन बघ!"

तिनं ड्रायर स्वतःपासून लांब, समोरच्या भिंतीकडे धरला आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्या तोंडासमोर आडवा लावला, थोडा वाकवून. गरम हवा उलटून थेट तिच्याच तोंडावर आली. कपाळावरचे केस ताठ उभे राहिले.

"उलटा रेटा!" ती ओरडली. "झोत मागे जातो म्हणून विमान पुढे जातं ना? विमान उतरलं की मागे झडपा लावायच्या आणि तोच झोत पुढे वळवायचा. विमान थोडक्यात थांबणार! आणि मोठे साहेब म्हणतात, थांबल्यावरही रेटा देत राहिलं तर ते मागे येईल. कुणी न ढकलता. मागे!"

"विमानाला मागे कशाला यायचंय?" डॉक्टरीणबाईंनी आरशातूनच विचारलं.

"अहो, हे छोटं विमान आहे. आखूड धावपट्टीवर, वेळ पडली तर सरळ रस्त्यावर उतरणारं. अरुंद जागी वळणार कसं? थोडं पुढे, थोडं मागे, तुम्ही गाडी वळवता तसंच."

डॉक्टरीणबाईंनी विचार केला. "पटलं," त्या म्हणाल्या. "पण माझा डावा कान गार पडलाय."

आमची ताई ही अशी. तिचे वडील पत्र्याचं काम करायचे. बादल्या, नरसाळी, धुराडी. मुलीनं कातरीशी खेळत खेळत पत्रा कापायला शिकून घेतलं, मग तंत्रशाळेत जाऊन पातळ पत्र्याचं वेल्डिंग शिकली, आणि विमानांची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात चिकटली. तिथे तिच्या वाट्याला आली ती इंजिनाची अगदी शेवटची चीज, मागची तोटी. ही तोटी अखंड नसते. लांबट पात्यांची एक चळत गोलाकार लावलेली असते, एकाची कड दुसऱ्याखाली सरकवलेली. तेलाच्या दाबावर चालणारे दांडे ती सगळी पाती एका दमात उघडतात नाहीतर मिटतात. कारखान्यात त्यांना पाकळ्या म्हणतात, आणि म्हणून हिचं नाव पाकळीताई.

लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "कामावर नेमकं काय करतेस गं?" ही म्हणाली, "पाकळ्या बसवते." झालं. सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं की थोरली सून फुलांच्या कारखान्यात आहे. समोरच्या काकू मुलीच्या साखरपुड्यासाठी चार गुच्छ मिळतील का विचारायला आल्या, तेव्हा कुठे उलगडा झाला. मी या घरात आले ती नंतर, पण गुच्छांची गोष्ट मला पहिल्याच दिवशी ऐकवण्यात आली. सांगणारी ताईच, आणि हसून हसून जमिनीवर बसलेलीही तीच.

थोरले दीर, आम्ही त्यांना दादा म्हणतो, तेव्हा शहराची बस चालवायचे. सगळ्या डेपोत त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी. बस मागे घ्यावी तर दादांनीच. मागे माणूस उभा न करता, दोन बसच्या मधल्या फटीत, आरशात बघून ते बस अशी सरकवायचे की जणू फडताळात ताट ठेवतायत. त्यामुळे त्या संध्याकाळी जेवताना ताईनं उलट्या रेट्याची बातमी सांगितली तेव्हा दादांचा घास हातातच राहिला.

"विमानाला रिव्हर्स? काहीतरीच. तूच सांगितलंस, विमानाचं इंजिन चाकांना जोडलेलं नसतं. मग मागे नेणार कोण?"

"वारा."

"वारा!" दादांनी माझ्याकडे, मग सासूबाईंकडे पाहिलं. माझे यजमान जहाजावर असतात, वर्षातले बरेच महिने समुद्रात. नाहीतर दादांनी त्यांनाही साक्षीला बोलावलं असतं. "ऐकलं का आई? वारा म्हणे."

"ऐकलं," सासूबाई विणता विणता म्हणाल्या. "शाळेत असताना तुला सायकलसकट गटारात घातलं होतं ते कुणी? वाऱ्यानंच ना?"

ताई टेबलावर हात आपटून हसली. त्या दिवसापासून घरात पैज लागली. काय लावलं ते ठरलंच नाही, पण दादा म्हणायचे "नाही" आणि ताई म्हणायची "होणार".

मग कामाला जुंपली ती. पाकळ्यांच्या मागे तीन मोठ्या झडपा बसवायच्या होत्या. एरवी त्या कडेला चिकटून राहणार. विमान उतरून पुढचं चाक जमिनीवर दाबलं गेलं की तिन्ही एकदम मिटून झोताची वाट अडवणार. मग झोत जाणार कुठे? तर नळीच्या भोवती ठेवलेल्या फटींतून बाहेर आणि पुढे. तिन्ही झडपा एकाच क्षणी मिटल्या पाहिजेत. एक मागे राहिली तर विमानाला कुणी कान धरून एका बाजूला ओढल्यासारखं होईल. ताई बिजागऱ्या घासायची, बसवायची, काढायची, पुन्हा घासायची. घरी आली की माझ्या खोलीचं दार, खिडकीची झडप, सगळं उघडून मिटून बघायची. "तुझी ही बिजागरी रडते," म्हणून तिनं माझ्या दुकानाचं दारसुद्धा काढून पुन्हा बसवलं, तेही शनिवारी, गर्दीच्या वेळेला.

पहिली चाचणी उघड्यावरच्या चौथऱ्यावर झाली. इंजिन लोखंडी सांगाड्याला बांधलेलं, पुढे विमानाच्या धडाचा तुकडा जोडलेला, आणि माणसं लांब, जाड काचेच्या मागे. रेटा दाखवणारा एक मोठा काटा असतो. इंजिन पुढे ढकलतं तेव्हा तो शून्याच्या उजवीकडे.

"साहेबांनी कळ ओढली," ताई सांगत होती. माझ्या दुकानाच्या मधोमध उभी राहून, हातानं काटा दाखवत. "झडपा मिटल्या. आवाज बदलला. म्हणजे असा, घरघरीतून एकदम गर्जना! आणि काटा खाली यायला लागला. खाली, खाली, शून्यावर आला... आणि थांबलाच नाही! डावीकडे गेला! अगं, डावीकडे! त्या काट्यानं जन्मात डावी बाजू पाहिली नव्हती. हवामॅडमनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की अजून दुखतंय."

हवामॅडम म्हणजे झोत कुठे, कसा वाहील याचा हिशोब करणाऱ्या इंजिनिअरबाई. वयानं ताईएवढ्याच, उंच, भराभर बोलणाऱ्या.

"मग जिंकलात की," मी म्हटलं.

"कुठलं! पुढे ऐक. काटा डावीकडे गेला, आम्ही नाचतोय, आणि इंजिनाला लागला ठसका. धाड! पुढच्या तोंडातून हातभर ज्वाळ. साहेबांनी लगेच बंद केलं."

झालं होतं असं, की पुढे वळवलेला गरम झोत धडाला चिकटून पुढे सरकत इंजिनाच्या तोंडापर्यंत पोचत होता. इंजिन आपलाच उच्छ्वास गिळत होतं. विमान वेगात असताना समोरचा वारा तो मागे लोटतो, पण वेग कमी झाला की त्याला अडवणारं कुणी नाही. आणि मागे जायचं तर वेग कमी नव्हे, उलटाच. कारखान्यात दोन तट पडले. काही जण म्हणाले, थांबण्यापुरता उलटा रेटा वापरा, वेग उतरला की बंद करा, मागे जायचा हट्ट सोडा. मोठे साहेब म्हणाले, "झोताला वळण देऊन बघू. हवामॅडम सांगतील तो कोन, पाकळीताई करतील ती वळणाची पट्टी. नाहीच जमलं तर सोडू."

आता झोत नेमका कुठून सरकतो ते कसं कळावं? हवामॅडमनी ठरवलं, धडावर लोकरीचे धागे चिकटवायचे. धागा हलेल तिकडे हवा, आणि जळेल तिथे झोत. कारखान्यातली दोरी फार जाड निघाली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या टोपलीतून लाल लोकरीचा अख्खा गुंडा गायब.

"माझ्या स्वेटरची बाही गेली!" सासूबाई कडाडल्या.

"आई, बाही विमानाला घातलीय," ताई म्हणाली. "सगळ्यांनी विचारलं, एवढी मऊ लोकर कुणाची?"

सासूबाई विरघळल्या. "खरंच विचारलं? मग निळीपण ने. निळी आणखी चांगली आहे."

मग सुरू झाली त्या दोघींची जुगलबंदी. फटींच्या तोंडाशी बसवायच्या वळणपट्ट्या ताई कापायची, वाकवायची, जोडायची. इंजिन चालवायचं, जळलेले धागे बघायचे. हवामॅडम म्हणायच्या, "वर अजून थोडं." ताई म्हणायची, "अजून वर नेलं तर रेटा कमी होईल." "नाही होणार." "होईल." "पैज?" कधी एकीचं खरं निघायचं, कधी दुसरीचं, आणि बऱ्याचदा दोघींचंही नाही. तेव्हा दोघी चौथऱ्याच्या पायऱ्यांवर बसून एकाच डब्यातलं खायच्या आणि पुन्हा भांडायला उठायच्या. मी एकदा म्हटलं, "ताई, वैताग येत नाही का?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "वैताग? अगं, रोज नवीन काहीतरी कळतंय. मला तर झोपायला जायचा कंटाळा येतो."

एकदाच मी तिला गप्प पाहिलं. चाचणी चालू असताना एक पट्टी सुटली, भिरभिरत गेली आणि मागच्या भिंतीत रुतून बसली. कुणाला लागलं नाही, पण जोड ताईनं केलेला होता. ती आधी जाऊन भिंतीतली पट्टी बघून आली, मग साहेबांसमोर उभी राहिली. "जोड माझा आहे. कड नीट पुसली नव्हती. तेल राहिलं असणार."

साहेबांनी पट्टी हातात घेतली, उलटीसुलटी केली. "इथे तुटली ते बरं झालं. हवेत तुटली असती तर? सगळ्या पट्ट्या काढा, सगळे जोड तपासा."

घरी येऊन तिनं जेवण बाजूला सारलं. तिच्या शेजारी बसून दादा आपलीच गोष्ट सांगू लागले. नवीन असताना त्यांनी डेपोच्या साहेबाची मोटारसायकल बसखाली घातली होती. मोटारसायकल चपटी झाली आणि साहेबांनी ती तशीच उचलून कपाटामागे ठेवली म्हणे. ही गोष्ट आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. ताई आधी नुसती ऐकत होती, मग फिसकन हसली, आणि मग ताट जवळ ओढलं. सकाळी आमच्या सगळ्यांच्या आधी ती बाहेर पडली होती. सगळ्या पट्ट्या काढून, कडा घासूनपुसून, पुन्हा जोडल्या.

आणि मग एके दुपारी ती रस्त्याच्या टोकापासून ओरडत आली. गल्लीतल्या बायका खिडक्यांत आल्या. "एकही नाही जळला! एकही धागा नाही जळला! इंजिन चाललं, चाललं, काटा डावीकडे, आणि ठसका नाही!" तिनं सासूबाईंना उचललं. सासूबाई तशा अंगानं भरलेल्या आहेत. त्या "अगं, अगं, माझी कंबर!" म्हणत होत्या आणि ताई त्यांना घेऊन दुकानाच्या फरशीवर गिरक्या घेत होती. गिऱ्हाईक टाळ्या वाजवत होतं.

धावपट्टीवरच्या चाचणीला घरच्यांना बोलावलं होतं. आग विझवणाऱ्या गाड्यांची एक पत्र्याची शेड होती, तिच्या बाजूला जाळीच्या कुंपणापाशी आम्ही उभे. मी, सासूबाई, आणि खाकी गणवेशातले दादा. त्यांची दुपारची पाळी होती. ताई आमच्यात नव्हती. ती पट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या गाडीत, कानांवर मोठी जाड झाकणं लावून, हवामॅडमच्या शेजारी. लांबून मला फक्त तिचा निळा डगला दिसत होता. तो एका जागी ठरत नव्हता.

विमान आलं. केवढंसं ते! नाक वर करून, जवळजवळ कोसळल्यासारखं खाली आलं. मागची चाकं टेकली, नाक आपटलं, पुढचं चाक टेकलं, आणि तत्क्षणी तो आवाज! कानानं ऐकला म्हणू की छातीनं, मला सांगता यायचं नाही. कुंपणाची जाळी थरथरायला लागली. पट्टीवरची धूळ विमानाच्या पुढे उसळली आणि विमान स्वतःच्याच ढगात गडप झालं. सासूबाईंनी माझा दंड असा धरला की वळ उठले.

"गेलं का गं? दिसत नाही!"

धूळ विरळ झाली. विमान आमच्या समोर, पट्टीच्या निम्म्याच्याही अलीकडे, मुकाट उभं होतं. लोक ओरडायला लागले. मीही ओरडले. दादा मात्र जाळीत बोटं अडकवून, डोळे बारीक करून बघत होते.

"थांबलं. थांबणं वेगळं," ते म्हणाले. "मागे कुठे..."

तेवढ्यात चाकं हलली.

आधी मला वाटलं भास झाला. पण कडेला एक पिवळा खांब होता, आणि विमानाचं नाक त्याच्या पलीकडे होतं ते हळूहळू त्याच्या रेषेत आलं, मग अलीकडे. विमान मागे येत होतं! ना कुणी ढकलणारं, ना कुणी ओढणारं. एखादी जाडजूड मांजर सावधपणे मागे सरकावी तसं.

आणि आमचे दादा, जन्मात कधी आवाज न चढवणारे दादा, कुंपणाच्या खालच्या पट्टीवर चढले आणि हात हलवून ओरडायला लागले, "येऊ दे! येऊ दे! येऊ दे! सरळ, सरळ... डावीकडे दाब थोडं... येऊ दे!"

वैमानिकाला काय ऐकू जाणार? पण बाजूला उभे असलेले कारखान्याच्या गाड्यांचे दोन ड्रायव्हर हसत हसत सामील झाले, मग आग विझवणारे, मग सगळं कुंपणच. "येऊ दे! येऊ दे!" सासूबाईसुद्धा. विमान मागे आलं, किंचित वळलं, अगदी पट्टीच्या कडेला लागलं, आणि दादांनी शेडच्या पत्र्यावर दोनदा सणसणीत थाप मारली. "बस्स!"

योगायोग म्हणा, विमान त्याच क्षणी थांबलं. मग झडपा उघडल्या, विमान पुढे निघालं, आणि त्या अरुंद पट्टीवर वळून आल्या वाटेनं चालायला लागलं.

दादा खाली उतरले. त्यांचे डोळे ओले होते. "गाडी चांगली मागे घेतली," ते म्हणाले. "हात बसलाय त्याचा."

इंजिन बंद झाल्यावर आम्हाला जवळ जाऊ दिलं. ताईनं आमच्याकडे पाहिलंही नाही. ती हातमोजे चढवून तोटीच्या आत डोकं घालून बसली होती, विजेरी दातांत धरून. एक बिजागरी तापून निळी पडली होती. ती तिनं हवामॅडमना दाखवली आणि दोघींचं लगेच जुंपलं. वैमानिक शिडीवरून उतरला, डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं आणि म्हणाला, "सगळं झकास. एक आरसा तेवढा बसवा, मागचं काही दिसत नाही." तेव्हा कुठे ताई बाहेर आली, आणि तिला दादा दिसले. दादांनी सगळ्यांसमोर, खाकी गणवेशात, तिला कडक सलाम ठोकला. ती रडली की हसली, मला कळलं नाही. तिचा आवाजच बसला होता.

ती विमानं फार बनली नाहीत. थोडी बनली, ज्यांना हवी होती त्यांनी घेतली, आणि ती अजून उडतात. त्यानंतर ताईला प्रवासी विमानांच्या इंजिनांच्या विभागात पाठवलं. तिथला उलटा रेटा वेगळा: इंजिनाचं बाहेरचं आवरण मागे सरकतं आणि आतल्या जाळीतून हवा पुढे फेकली जाते. तिनं तेही शिकून घेतलं, आणि आता तिच्या हाताखाली बरीच माणसं आहेत. हवामॅडम परगावी गेल्या, पण दर रविवारी फोन येतो. फोनवरही भांडण असतंच. दादा निवृत्त झाले. सासूबाईंच्या गुडघ्यांनी संप केलाय, तरी लोकर काही सुटलेली नाही.

परवा सकाळी मी दुकान उघडत होते. ताई जिन्यावरून धाडधाड खाली आली, एका बुटाची नाडी सुटलेली.

"अगं, मला परत बोलावलंय! जुन्या विभागात. आता नुसतं उघडायचं-मिटायचं नाही. सगळी तोटीच मान वळवणार. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे! झोत तिकडे वळला की विमान इकडे वळणार!"

"नाडी बांध आधी, पडशील."

"बसमध्ये बांधते," ती म्हणाली, आणि पळाली.